हौद्यावरचे अंतर आणि ट्रेलरची पातळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या फिफ्थ व्हील ट्रेलरवर, म्हणजे पिकअप ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घरावर, आलेला लेख वाचला. मुक्कामाच्या जागा, पाणी, वीज, सांडपाणी यांबद्दल त्यात चांगली माहिती आहे. ट्रक आणि ट्रेलर यांची उंची जुळवण्याचा विषय मात्र दोन ओळींत उरकला आहे. ट्रेलर पुढून उचललेला दिसला तर पिन बॉक्स वर सरकवून घ्यावा, एवढेच त्यात म्हटले आहे. तिथले विक्रेतेही हा सल्ला सर्रास देतात. तो अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी ट्रकच्या हौद्याच्या कडा चेपतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र. मापे इंच, फूट आणि पौंडांतच देत आहोत. तिथल्या गाड्यांवरची लेबले आणि पिन बॉक्सच्या भोकांमधली अंतरे त्यातच असतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरपाशी गोळ्यावर अडकवतात. फिफ्थ व्हीलचे तसे नसते. त्याचा पुढचा भाग जिन्यावरच्या पोटमाळ्यासारखा पुढे आलेला असतो आणि तो थेट पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यावर येतो. त्याच्या पोटाखाली पिन बॉक्स नावाची लोखंडी पेटी असते आणि पेटीच्या तळाला दोन इंच जाडीची किंगपिन. हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, हिच बसवलेली असते. तिच्या सपाट पाटीवर पिन बॉक्स टेकतो आणि जबड्यात ही पिन अडकते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा या पिनवर येतो. चौदा हजार पौंडांच्या ट्रेलरचे २,८०० पौंड थेट ट्रकच्या पाठीवर बसतात, असा हिशेब धरावा.

आता मुद्दा. यात सांभाळायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, हौद्याच्या कडा आणि वर आलेले ट्रेलरचे पोट यांच्यातले मोकळे अंतर. ते निदान साडेपाच-सहा इंच हवे. दुसरी, ट्रेलरची पातळी, म्हणजे चालताना त्याची चासी जमिनीला समांतर राहणे. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या दिसतात की बहुतेक जण एकच बोल्ट फिरवून दोन्ही सोडवायला बघतात. कागदावर मांडल्या की गुंता सुटतो.

मोकळे अंतर कशावर ठरते? हिचची पाटी हौद्याच्या कडेपेक्षा किती खाली आहे आणि पिन बॉक्स ट्रेलरच्या पोटाखाली किती लोंबतो, या दोनच गोष्टींवर. आजच्या ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ वर्गातल्या पिकअप ट्रकांचा हौदा २० ते २१ इंच खोल असतो. हिचची पाटी हौद्याच्या तळापासून १६ ते १८ इंचांवर येते. म्हणजे पाटी कडेच्या दोन ते पाच इंच खाली. ती चार इंच खाली असेल आणि पिन बॉक्स दहा इंच लोंबत असेल, तर अंतर सहा इंच. या हिशेबात ट्रक जमिनीपासून किती उंच आहे, हा आकडा कुठेच आला नाही. ट्रक बुटका असो की फोर बाय फोरचा उंचाडा, हिच आणि पिन बॉक्स तेच ठेवले तर अंतर तेच राहते.

ट्रेलरची पातळी मात्र ट्रकच्या उंचीवर ठरते. उंच ट्रकमध्ये हिचची पाटीही उंच जाते आणि ट्रेलर पुढून उचलला जातो. जुन्या बुटक्या ट्रकशी जमलेला ट्रेलर नव्या ट्रकला जोडला की तीन-चार इंचांनी पुढून उठलेला दिसतो, तो यामुळे. मग मालक पिन बॉक्स वर सरकवतो. ट्रेलर सपाट होतो, दिसायला छान दिसतो, आणि जे सहा-आठ इंच मोकळे होते त्यातले चार इंच गेलेले असतात. उंचीचा दोष ट्रकचा होता, भरपाई मात्र अंतराच्या खात्यातून झाली.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. वजनासकट ट्रकच्या हौद्याचा तळ जमिनीपासून ३५ इंचांवर आणि कडा ५६ इंचांवर. हिचची पाटी तळापासून १७ इंच, म्हणजे जमिनीपासून ५२. पिन बॉक्स १२ इंच लोंबतो, म्हणून ट्रेलरचे पोट ६४ इंचांवर. अंतर आठ इंच, झकास. पण हा ट्रेलर सपाट उभा केला तर त्याचे पोट ६० इंचांवर यायला हवे. म्हणजे तो चार इंच पुढून उचललेला आहे. पिन बॉक्सची भोके बहुधा दोन-दोन इंचांवर असतात. पिन बॉक्स दोन भोके वर घेतला की पोट ६० वर येते, पातळी बरोबर होते आणि अंतर चारच इंच उरते. एक भोक वर घेतला तर पोट ६२ वर, अंतर सहा इंच, पण ट्रेलर दोन इंच उचललेला. आता ट्रेलरच्या चासीखाली, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या, म्हणजे ते टांगणाऱ्या ब्रॅकेटच्या, वर, दोन इंची चौकोनी पाइप घालून ट्रेलरच दोन इंच वर घेतला तर त्याची सपाट पातळी ६२ वर जाते. अंतर सहा इंच आणि पातळीतला फरक शून्य. थोडक्यात, अंतर पिन बॉक्स आणि हिचपाशी ठरवायचे, आणि उरलेली पातळी ट्रेलरच्या ॲक्सलपाशी साधायची.

आकडे घेताना सगळ्यात जास्त गफलत होते ती रिकाम्या ट्रकच्या मापामुळे. अडीच-तीन हजार पौंड पिनवर आले की ट्रकचे मागचे पाटे दोन-तीन इंच सहज दबतात. वरच्या उदाहरणातला ट्रक रिकामा असताना कडा साडेअठ्ठावन्न इंचांवर आणि हिचची पाटी साडेचोपन्नवर असते. त्यावरून पिन बॉक्स जुळवला तर तो साडेपाच इंचच लोंबता ठेवावा लागेल. मग ट्रेलर जोडल्यावर पुढून अडीच इंच झुकेल आणि हौद्यावर दीड इंच जागा राहील. पहिल्याच चढउतारावर फाळका गेला म्हणून समजा. ट्रक विकत घेताना दुकानाच्या आवारात टेप लावून घेतलेले माप या कामात फसवे ठरते ते याचसाठी. ट्रेलर अजून घ्यायचा असेल तर पिनइतक्या वजनाची खडी किंवा वाळूची पोती हौद्यात ॲक्सलच्या वर रचून माप घ्यावे. हा खटाटोप अर्ध्या दिवसाचा असतो.

ट्रेलरचे माप घेण्याची रीत अशी. काँक्रीटची सपाट जागा हवी. दुकानांच्या मोकळ्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तो डोळ्याला कळत नाही. टायरमध्ये लेबलवर लिहिलेली हवा, टाक्यांत प्रवासाला निघताना असते तेवढे पाणी, आत नेहमीचे सामान. ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय वरखाली करून तो सपाट करायचा. पाणसळ निदान चार फुटी असावी आणि ती चासीच्या मुख्य तुळईला खालून, चाकांजवळ लावावी. आतल्या लादीवर, दाराच्या उंबऱ्यावर किंवा बाहेरच्या पट्ट्यांवर लावलेली पाणसळ ऐनवेळी दगा देते, कारण त्या गोष्टी चासीशी समांतर असतीलच असे नाही. मग तीन मापे लिहून ठेवायची: जमिनीपासून पिनच्या पाटीपर्यंत, जमिनीपासून पोटाच्या त्या जागेपर्यंत जिथे फाळका येणार आहे, आणि चाकाच्या मध्यापासून चासीच्या तळापर्यंत. ट्रकचे कडेचे माप घेताना हौद्याच्या कडांवर झाकणाची पट्टी, सामानाचा रॅक किंवा पेटी बसवली असेल तर तिच्या माथ्यापासून मोजावे. अंतर हे कायम सर्वांत उंच जागेपासून धरायचे असते.

सहा इंच कशासाठी, हाही प्रश्न रास्त आहे. सपाट रस्त्यावर दोन इंचही पुरतील. अडचण येते ती ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळ्या उतारांवर असताना. हिचपासून फाळक्यापर्यंत मागे साधारण ४८ इंच असतात. पिन हे बिजागर मानले तर सहा इंच अंतरात दोघांमध्ये सात अंशांचा फरक पडला की फाळक्याची कड पोटाला लागते. चार इंचांत हा फरक पाच अंशांच्याही आत येतो. म्हणजे आठ टक्क्यांच्या उताराचा फरक. पेट्रोल पंपातून मुख्य रस्त्यावर चढणे, कॅम्पच्या खडीच्या वाटेवर उतरणे, यात आठ टक्के सहज येतात.

त्यातही कुठला प्रसंग वाईट ते नीट समजून घ्यायला हवे, कारण लोक उलटे समजून चालतात. खोलगट जागेतून जाताना फाळक्याकडची फट उलट मोठी होते. तेव्हा काळजी पुढच्या बाजूची, केबिनकडची. फाळका लागतो तो माथ्यावर: ट्रक माथा ओलांडून पुढे झुकलेला आणि ट्रेलर अजून मागून चढणारा. तसेच रस्त्यापेक्षा खाली असलेल्या जागेत ट्रेलर उलटा ढकलताना. ट्रेलरची शेपूट खाली जाते, पोटाचा मागचा भाग हौद्याकडे येतो, चालकाचे लक्ष आरशातल्या झाडांकडे असते आणि पुढे काय घडते ते काचेतून दिसत नाही. अशा वेळी माणूस खाली उतरवून फाळक्यापाशी उभा करावा.

पुढे-मागे झुकण्यात आडवी कलंडही मिळते. हौद्याची कड मध्यापासून ३४ इंचांवर आहे असे धरा. रस्त्याची एक बाजू उतरती असेल तर चार अंशांची कलंड कडेपाशी २.४ इंच खाते. त्याच वेळी माथ्यावरचे चार अंश फाळक्यापाशी ३.४ इंच खातात. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात दोन्ही एकत्र येतात: ५.८ इंच. सहा इंचांचा आकडा असा हिशेबातून आलेला आहे, हवेतून नाही. चेपलेला हौदा पाहिलात तर खूण बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यावरच सापडेल.

आता दुसरी बाजू. ट्रेलर पुढून थोडा उचललेला राहिला तर काय बिघडते? याबद्दल भीती फार पसरलेली आहे, आणि त्यातली काही फुगवलेली आहे. पुढून उचलल्यामुळे पिनवरचे वजन मागे सरकते आणि ट्रेलर डोलायला लागतो, असे सांगतात. हिशेब करून पाहा. पिनपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत २४ फूट, म्हणजे २८८ इंच. पुढून दोन इंच उचलले तर कल ०.४ अंश. गुरुत्वमध्य जमिनीपासून पाच फुटांवर धरला तर तो अर्ध्या इंचाहूनही कमी मागे सरकतो. चौदा हजार पौंडांत पिनवर वीसेक पौंडांचा फरक पडेल. मागच्या कपाटात दोन पिशव्या जास्त ठेवल्या तरी तेवढा पडतो. दोन इंचांनी डोलण्याचा काही संबंध नाही.

खरा भुर्दंड पडतो तो ॲक्सलवर. दोन ॲक्सलमध्ये साधारण ३६ इंच अंतर असते. दोन इंच पुढून उचललेल्या ट्रेलरमध्ये मागच्या ॲक्सलपाशी चासी पुढच्यापेक्षा पाव इंच खाली असते. पाट्यांवरच्या ट्रेलरमध्ये दोन पाट्यांच्या मधोमध इक्वलायझर असतो. तो तराजूच्या दांडीसारखा हलून हा पाव इंच मुकाट पचवतो. सहा इंच उचललेल्या ट्रेलरमध्ये तोच फरक पाऊण इंच होतो. तोही इक्वलायझर बऱ्याच अंशी सांभाळतो, पण आता तो कायम एका बाजूला झुकलेला राहतो. मोठा खड्डा आला की त्याला हलायला जागा उरत नाही, शॅकल (पाटा आणि इक्वलायझर जोडणाऱ्या पट्ट्या) उलटायच्या बेतात येतात आणि पितळी बुश एका अंगाने झिजतात.

रबरी टॉर्शन ॲक्सलची गोष्ट निराळी. त्यात प्रत्येक चाकाचा दांडा आपल्यापुरता रबरात वळतो. एका ॲक्सलचे वजन दुसऱ्याला द्यायला मध्ये काहीच नसते. सात हजार पौंडांचा असा ॲक्सल पूर्ण वजनाखाली अडीच इंच दबतो असे धरा. पाव इंचाच्या फरकाने पुढच्या ॲक्सलचे साडेतीनशे पौंड कमी होतात आणि तेवढेच मागच्यावर चढतात. पाऊण इंचाने हजाराच्या वर. सात हजारांच्या ॲक्सलवर प्रत्येक टायरला साडेतीन हजारांचा वाटा येतो आणि त्या टायरची क्षमता त्याहून फार वर नसते. मागचे टायर गरम होतात आणि कडक उन्हात हमरस्त्यावर एखादा फुटतो. दोष टायरच्या कंपनीला दिला जातो. टॉर्शन ॲक्सलचा ट्रेलर म्हणूनच अर्ध्या-एक इंचाच्या आत सपाट हवा. पाट्यांचा असेल तर दोन इंचांची सूट घ्यायला हरकत नाही. आमचा कल सूट घ्यायचीच तर पुढून उचलण्याकडे, कारण पुढून झुकलेल्या ट्रेलरमध्ये अंतरही कमी होते आणि पुढच्या ॲक्सलवर भारही चढतो.

शंका असेल तर वजनकाटा सांगतो. ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलला ओळीने वेगवेगळ्या पाट्या असतात. दोन पाट्यांमधली चीर ट्रेलरच्या दोन ॲक्सलच्या मधोमध येईल असा ट्रेलर उभा केला की दोन्ही ॲक्सलची वजने सुटी मिळतात. जागा जुळवायला दोन-तीनदा पुढेमागे व्हावे लागते, म्हणून गर्दी नसताना जावे. काटा नसेल तर तासभर चालवून चारही टायरांचे तापमान इन्फ्रारेड मापकाने बघावे. उन्हाच्या बाजूचे टायर थोडे गरम असणारच, तुलना एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्याची करायची.

उपायांकडे वळू. सर्वांत सोपा हिचचा. बहुतेक हिचच्या डोक्याला दोन-चार इंचांत वरखाली करण्याची भोके असतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच की हिच वर घेतली तर अंतर आणि पुढची उंची दोन्ही सारखीच वाढतात, पिन बॉक्स खाली घेतल्यासारखी. हिच दोन इंच वर आणि पिन बॉक्स दोन इंच वर केले तर काहीच बदलत नाही. असे करून थकलेली माणसे आहेत. दोन्हींतून निवडायचे असेल तर पिन बॉक्स शक्य तितका कमी लोंबता ठेवून हिच वर घ्यावी. पिन बॉक्स जितका खाली, तितका ब्रेक मारताना ट्रेलरच्या पुढच्या चासीवर पीळ जास्त. फिफ्थ व्हीलला गोळ्याच्या हिचवर बसवणारे लांबलचक दांडे याच कारणाने वाईट. पुढच्या चासीच्या वेल्डला तडे जातात आणि बरेच चासीवाले अशा दांड्यानंतर हमी मानत नाहीत.

पिन बॉक्स सरकवताना ट्रेलरचा भार त्यावर असू नये. ट्रेलर पुढच्या पायांवर, चाकांना पुढून-मागून अडण्या, पिन बॉक्सखाली जॅकने आधार. तो पेटारा एकट्या माणसाच्या हाताला जड जातो. दोन्ही बाजूंची भोके मोजून सारखी घ्यावीत, एक भोक चुकले तर पिन तिरपी बसते आणि हिचची पाटी एका कडेवर घासते. बोल्ट त्याच दर्जाचे आणि जाडीचे, टॉर्क पिन बॉक्सवाल्याने दिलेला. पन्नासेक मैलांनी पुन्हा टॉर्क रेंच लावावा. रंगावर बसलेले नट पहिल्या दिवशी हमखास सैल पडतात.

ट्रेलर वर घ्यायचा तर पाट्यांच्या ट्रेलरमध्ये आधी वाकून बघावे की ॲक्सल पाट्याच्या वर आहे की खाली. वर असेल, म्हणजे पाटा ॲक्सलच्या पोटाला टांगलेला असेल, तर ॲक्सल पाट्याखाली आणून ट्रेलर उंच करता येतो. तीन इंची ॲक्सलची नळी, पाट्याची जाडी आणि बैठक मिळून पाच-सहा इंच उंची वाढते. बरेच नवे ट्रेलर कारखान्यातूनच ॲक्सल खाली ठेवून येतात. त्यांच्यात हा मार्ग उरलेला नसतो.

हे काम करताना ॲक्सल उलटा फिरवायचा नसतो, आणि नवशिक्या गॅरेजमध्ये नेमके तेच होते. ॲक्सलची नळी मध्ये किंचित वर उचललेली असते. हा कॅम्बर भाराखाली सरळ होतो. ॲक्सल उलटा केला तर भाराने तो आणखी वाकतो आणि टायर आतल्या कडेने हजार-दोन हजार मैलांत खाल्ले जातात. शिवाय ब्रेक डावे-उजवे वेगळे असतात; उलटवताना डावे टोक उजवीकडे गेले तर तेही उलटतात. बरोबर रीत अशी की ॲक्सल तसाच ठेवायचा, त्याच्या दुसऱ्या अंगाला नव्या बैठका वेल्ड करायच्या. यू बोल्ट नवे घ्यावेत, जुने ताणलेले असतात. अर्ध्या इंची यू बोल्टला ४५ ते ७० फूट-पौंड, नऊ-सोळांश इंचीला ६५ ते ९५, आणि ते समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. अर्ध्या इंची स्टडच्या चाकांचे नट ९० ते १२० फूट-पौंड, आणि १०, २५, ५० मैलांवर पुन्हा तपासायचे. ब्रेकची वायर ताणली जात नाही ना, हेही बघावे.

पाच इंच नको आणि दोन-तीनच हवेत, तर चासी आणि हँगर यांच्यामध्ये पाव इंच जाडीची चौकोनी पाइप घालण्याचा मार्ग आहे. आमच्या मते बहुतेक ट्रेलरना हाच योग्य. यात आडवे बंध विसरले जातात. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागेवर वळवला की चाके रस्त्यावर आडवी घसटतात आणि हँगरला बाजूने ढकलतात. हँगर दोन इंच लांब झाला म्हणजे ढकलणाऱ्याला तेवढी लांब पहार मिळाली. डाव्या आणि उजव्या हँगरांना जोडणारी आडवी नळी घातली नाही तर काही महिन्यांत हँगर वाकतात, वेल्ड उकलतात. वेल्डिंगआधी ट्रेलरची बॅटरी, सौर नियंत्रक आणि इन्व्हर्टर सोडून ठेवावेत. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा; विद्युतप्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर त्यावर बारीक खड्डे पडतात. टॉर्शन ॲक्सलला वर घ्यायचे तर त्याच कंपनीचे बोल्टने बसणारे ठोकळे वापरावेत, चासीला घरगुती वेल्ड मारू नये.

टायर बदलून उंची मिळते अशी एक समजूत आहे. ट्रेलरसाठीच्या एसटी २३५/८० आर १६ टायरचा व्यास ३०.८ इंच, २३५/८५ आर १६ चा ३१.७. वाढ निम्मी मिळते, म्हणजे अर्धा इंचही नाही. आणि दोन टायरांमधली फट मात्र जवळजवळ एक इंचाने कमी होते.

ट्रक खाली घेणे हा शेवटचा मार्ग, पण कधीकधी तोच शहाणपणाचा. त्याने कडा आणि हिच दोन्ही एकत्र खाली येतात, म्हणून अंतर तसेच राहून पातळी सुधारते. मागच्या ॲक्सलवर पाट्याखाली बसवलेले ठोकळे बुटके केले की हे साधते. फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५० मधल्या मागच्या उंचीचा दोनेक इंचांचा फरक बराचसा या ठोकळ्यांचाच आहे. मात्र दबायला जागा तेवढी कमी होते, आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन तपासावा लागतो. मागे हवेचे सस्पेन्शन असलेल्या रॅममध्ये ट्रेलरसाठी इंचभर खाली बसण्याची सोय बटणावर आहे. याउलट, ट्रक दबलेला दिसू नये म्हणून हवेच्या पिशव्या भरणारे आपल्या हाताने ट्रेलर पुढून उचलत असतात. पिशव्या ट्रकची मागची बाजू फक्त उचलतात, पुढच्या चाकांवर वजन परत आणत नाहीत.

ट्रेलर वर घेताना छताचे माप विसरू नये. अमेरिकेत पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत कमाल उंची १३ फूट ६ इंच आहे, पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत १४ फूट. मोठ्या फिफ्थ व्हीलचा एअर कंडिशनर १३ फूट ३ इंचांपर्यंत सहज जातो. त्याला दोन इंच वर घेतले तर १३ फूट ५, कसेबसे बसते. ॲक्सल पाट्याखाली आणून पाच इंच वाढवले तर १३ फूट ८, म्हणजे पूर्वेत बेकायदा आणि जुन्या पुलाखाली धोक्याचे. नवी उंची मोजून केबिनच्या सनशेडवर चिकटवावी. दाराची पायरी तेवढीच उंच होते, पुढच्या पायांना जमीन दूर पडते, मागच्या स्थिरीकरणाच्या जॅकनाही. ठोकळे सोबत ठेवावे लागतात.

उंची बदलली की जोडण्याची सवयही बदलावी लागते, आणि सर्वांत महाग चूक इथेच होते. ट्रक मागे घेताना पिनची पाटी हिचच्या पाटीपेक्षा अर्धा-एक इंच खाली असावी, म्हणजे हिच तिला घासत वर उचलते आणि पिन जबड्यात खोल बसते. ट्रेलर जास्त उंच असेल तर जबडा पिनच्या मानेऐवजी टोकाशी मिटतो. कडी मिटलेली दिसते, आवाजही होतो. दोन पाट्यांमध्ये मात्र फट असते. टॉर्च लावून आडवे बघावे. उजेड आरपार दिसला तर पिन वर अडकली आहे. मग पाय जमिनीवरच ठेवून, ट्रेलरचे ब्रेक हाताच्या कंट्रोलरने दाबून ट्रक हळूच पुढे ओढावा. ट्रेलर जागचा हलला नाही आणि ट्रक अडला, तरच पाय वर घ्यायचे. ही ओढ न बघता निघालेला ट्रेलर सुटतो तेव्हा थेट हौद्याच्या कडांवर पडतो, आणि तिथे सहा इंच असोत की दहा, काही उपयोग नसतो.

ज्यांना ट्रेलर अजून घ्यायचा आहे त्यांनी विक्रेत्याकडे एक माप लेखी मागावे: ट्रेलर सपाट असताना पोटाची जमिनीपासूनची उंची. माहितीपत्रकात ते सहसा नसते. टेप आणि पाणसळ घेऊन स्वतः जावे लागते. त्यातून आपल्या ट्रकच्या वजनासकटच्या कडेची उंची वजा करावी. उत्तर सहा इंच किंवा जास्त आले तर हिच आणि पिन बॉक्स मिळून सगळे जमेल. चारच्या खाली आले तर ॲक्सलचे काम करून देण्याची अट खरेदीच्या कागदावरच घालून घ्यावी, कारण ट्रेलर दुकानातून बाहेर पडल्यावर तो खर्च खरेदीदाराचा होतो.

कळावे, लोभ असावा.
अमेरिकेत ट्रेलर ओढणारे दोन वाचक